मिसरीऐवजी

आत्या सकाळी वीस मिनिटं बसायची. दिवसभरात मला ती तेवढीच एका जागी दिसायची, म्हणून ती वीस मिनिटं माझ्या नीट लक्षात राहिली आहेत.

मी तेव्हा अकरावी संपवून बारावीत जात होते. आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. बाबांची ओझरच्या कारखान्यातली नोकरी, साडेसहाला बस. घरात मी एकटी, आणि मला वरणसुद्धा धड येत नव्हतं. म्हणून बाबांनी निफाडहून त्यांच्या मोठ्या बहिणीला, माझ्या आत्याला, बोलावून घेतलं. एप्रिल होता. बागेतली द्राक्षं निघून गेली होती, वेलींची खरड छाटणीही उरकली होती, आणि तिच्या मुलानं तिला आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटच्या दारात आणून सोडलं. दोन महिन्यांसाठी आली होती. राहिली सात महिने.

ती माझ्या खोलीत झोपायची. पहाटे उठायची, अंथरूण घडी करायची आणि मागच्या ड्राय बाल्कनीत जायची. तिथे वॉशिंग मशीन, मोरीसारखा छोटा कट्टा आणि नळ. पालथी घातलेली बादली हे तिचं आसन. उशाखालचा पत्र्याचा चपटा डबा ती बरोबर आणायची. त्यातली चिमूटभर काळी पूड डाव्या तळहातावर, उजव्या हाताची तर्जनी त्यात, मग ते बोट दातांवर, हिरड्यांवर, आणि शेवटी खालच्या ओठाच्या आत. तिथे ती पूड ठेवून आत्या भिंतीला पाठ टेकायची. डोळे अर्धे मिटलेले.

मिसरी म्हणजे तव्यावर काळीशार होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून बारीक केलेली. हे मला तिच्याकडूनच कळलं. आमच्या शाळेत दरवर्षी दातांची तपासणी व्हायची. एक छोटी टूथपेस्ट मिळायची आणि ब्रश वरून खाली कसा फिरवायचा ते प्लास्टिकच्या मोठ्या जबड्यावर दाखवायचे. तंबाखूवर धडा होता, त्यात सिगारेट होती, गुटखा होता. बायका तंबाखूनं दात घासतात हे त्यात कुठे नव्हतं.

आत्याच्या लेखी ते दात घासणंच होतं. तिच्या आईनं तसेच घासले, सासूनं तसेच घासले. "आमच्या गावात ब्रश फक्त बुटाला," ती म्हणायची.

तोंडात मिसरी असली की बोलता येत नाही. आईनं आतून विचारलं, ताई, चहा टाकू का, तर आत्या नुसतं "हं" करायची. बेल वाजली तरी उठायची नाही. मला ते फार आवडायचं. मीही त्याच वेळी कट्ट्यापाशी उभी राहून ब्रश करायचे. आमच्या घरात बाकी सगळे दात घासताना बोलतात. बाबा तोंडात फेस घेऊन घरभर हिंडत किल्ली कुठे आहे ते विचारतात. पण बाल्कनीत आम्ही दोघी गप्प. मला घरात, शाळेत, पाहुण्यांत सगळीकडे कोणी ना कोणी "बोल की काहीतरी" म्हणायचं. तिथे कोणी म्हणत नव्हतं. माझे दात दोन मिनिटांत घासून व्हायचे, तरी मी रेंगाळायचे, जीभ दोनदा घासायचे, खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायचे.

एकदा आईची मैत्रीण आली होती. मी आतून पाणी आणून दिलं आणि परत फिरले, तर ती म्हणाली, ही अजूनही बोलत नाही का गं? आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ही मिसरी न लावताच मिसरी लावलेली हाय." सगळ्या हसल्या. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

आईला मात्र मिसरी सहन होत नव्हती. पहिल्याच आठवड्यात आत्यानं आमच्या गॅसवर तंबाखू भाजली होती. जिन्यात इतका ठसका उठला की वरच्या मजल्यावरचे काका रुमाल तोंडाला लावून खाली आले, वायर जळते आहे का बघायला. त्यानंतर मिसरी गावाहून तयार यायला लागली. आई त्याबद्दल आत्याला काही बोलली नाही. हात मोडलेला माणूस नणंदेला काय बोलणार. फक्त बाल्कनीतला नळ रोज एकदा जास्त धुतला जायला लागला, डाव्या हातानं.

मे महिन्यात मला एक गोष्ट दिसली. आत्या ठेचा खाईना. ती ज्वारीच्या भाकरीवर हिरवा ठेचा आणि कच्चं तेल घेणारी बाई. आता ती भाकरी दुधात कुस्करायला लागली. आमटीचा पहिला घोट घेताना तिचा खालचा ओठ किंचित बाहेर यायचा, जसं लहान मूल औषध घेताना करतं. आमचं जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं आहे, आणि मी तिच्या बरोबर समोर बसायचे, म्हणून मला दिसलं. बाकी कोणाला दिसलं नाही.

मी पंधरा दिवस कोणाला सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी एकदम तिच्या तोंडाकडे बघितलं असतं, आणि माझ्याकडेही. शेवटी एका रविवारी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून, त्यांच्या पाठीला सांगितलं. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि मला पहिल्यापासून परत सांगायला लावलं.

दातांचा दवाखाना आमच्या मागच्या गल्लीत होता. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. बाबांची शिफ्ट, आईचा हात, म्हणून आत्याबरोबर मी गेले. डॉक्टरांनी "आजी, आ करा" म्हटल्यावर आत्यानं आधी माझ्याकडे बघितलं, आजी कोण म्हणून. मग तोंड उघडलं. डॉक्टरांनी तिचा खालचा ओठ बोटानं बाहेर ओढला आणि तिच्या हातात आरसा दिला. ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, जिथे मिसरी मुरत बसायची बरोबर तिथे, एक पांढरा चट्टा होता. दुधावर साय धरते तसा, पण पुसला तरी न जाणारा.

डॉक्टर सावकाश बोलल्या. मिसरी आजपासून बंद. दीड महिन्यानं परत दाखवा. पुष्कळदा सोडल्यावर चट्टा आपोआप जातो. नाही गेला, तर त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आत्यानं विचारलं नाही.

घरी येताना ती जॉगिंग ट्रॅकच्या बाजूच्या बाकावर बसली. बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या चपला बघत होती. मग म्हणाली, "माझ्या जावेला असंच झालेलं. शेवटी शेवटी नाकातल्या नळीनं पेज घालायची मी. मीच घालायची. मला तसं नाय जायचं, बाय. मला माझ्या तोंडानं जेवून जायचंय."

घरी आल्यावर तिनं उशाखालचा डबा काढून माझ्या हातात दिला. मागितला तरी द्यायचा नाही, शिव्या दिल्या तरी द्यायचा नाही, असं सांगितलं. मी त्याला रबर बँड लावला आणि कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बादलीवर बसली आणि हात मोकळे. तळहात बघत होती. ब्रश तिला नको होता, ब्रशनं तिला ओकारी यायची. मला वाईट वाटलं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल दंतमंजनाचं पाकीट आणलं आणि तिला म्हटलं, "आत्या, मिसरीऐवजी हे लाव." तिनं हुंगून बघितलं. लवंगेचा वास होता. बोटावर घेतलं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

नंतरचे काही दिवस वाईट गेले. तिचं डोकं दुखायचं, ती कुकरवर चिडायची, आईवर चिडायची, एकदा दारात आलेल्या फुलवाल्या बाईवर विनाकारण ओरडली आणि मग तिलाच चहा दिला. पण डबा तिनं एकदाही मागितला नाही. सकाळी बाल्कनीत पूर्वीसारखीच बसायची, तोंडात मंजन, डोळे अर्धे मिटलेले. मीही पूर्वीसारखी बाजूला. सगळं जागच्या जागी आहे असं मला वाटत होतं. बाबा ओझरहून आले की विचारायचे, अक्का, टिकतंय ना? ती मान हलवायची. त्या घरात तिच्या दातांची चौकशी परीक्षेच्या निकालासारखी व्हायला लागली होती.

दीड महिन्यानं आम्ही परत गेलो. त्या दिवशी तिनं चांगली साडी नेसली होती. डॉक्टरांनी ओठ बाहेर ओढला आणि त्यांचा चेहरा बदलला. चट्टा तसाच होता, आणि भोवतालची हिरडी लालभडक, सोललेली. खालच्या पुढच्या दातांची मुळं उघडी पडायला लागली होती.

"आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही मिसरी सोडलेली नाही."

आत्या म्हणाली, सोडली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. उलट फार समजुतीनं बोलल्या, की ही सवय अवघड असते, सगळेच आधी असं सांगतात, पण हिरडी खोटं बोलत नाही. तो समजुतीचा स्वर मला आजही ऐकू येतो. आत्या खुर्चीतून उतरली, पदर नीट केला आणि बाहेर पडली. मी तिच्यामागे. खरं म्हणजे तिथे मी बोलायला हवं होतं. डबा माझ्याकडे आहे, एवढं तरी. मी चपला घालत राहिले.

रात्रीच्या जेवणाला ती बसली नाही. पिशवी भरायला घेतली. सकाळच्या एसटीनं निफाडला जाते म्हणाली. बाबांनी समजावलं, आईनं समजावलं. ती माझ्याकडे वळली.

"माझा डबा दे."

मी म्हटलं, सकाळी देते.

"दे म्हंजे दे. एवढं डोकं फुटलं तरी नाय लावली, आन ती बया मला खोटी ठरवती. सोडून बी खोटी, तर लावून खोटी काय वाईट?"

मी दिला नाही. पण अंथरुणावर पडल्यावर एक विचार माझ्याही मनात आला, आणि तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. डबा माझ्याकडे आहे, पण दुसरा डबा असेल तर? गावाहून मुलगा दोनदा येऊन गेला होता. डॉक्टर शिकलेल्या होत्या. मी लहानपणापासून शिकलेल्या माणसांचं खरं मानत आले होते.

सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पिशवी उघडली. साड्यांच्या खाली हात घातला. कागदाचा चुरचुर आवाज झाला. मी बाहेर काढलं तर लाल मंजनाची पाकिटं. रिकामी, नीट घडी केलेली, एकावर एक. अकरा होती; मी आणलं होतं एकच. आमच्या घरात तसं एक पाकीट दोन महिने पुरलं असतं.

पाठीमागे आत्या उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. माझा हात पिशवीत.

"सापडली का मिसरी?" तिनं विचारलं.

मला रडू यायला लागलं. मी पाकिटं पुढे केली आणि विचारलं, हे तू दिवसातून किती वेळा लावतेस?

"जेवढ्या येळा मिसरी लावायचे तेवढ्या. पाच. कधी सहा." मग माझ्याकडे बघून, जणू मीच वेडी आहे, "मिसरीऐवजी लाव, तूच म्हणाली नव्हती का?"

मला सकाळची एकच बैठक माहीत होती, बाकीच्या वेळी मी क्लासला असायचे. पाच वेळा, दर वेळी वीस मिनिटं, ओठात धरून, बोटानं जोर लावून. दीड महिना. ते मंजन खरखरीत होतं, जिभेवर वाळूसारखं लागायचं. मी तिला काय लावायचं ते सांगितलं होतं. किती, कसं, किती वेळ, हे सांगितलं नव्हतं. दात घासणं म्हणजे दोन मिनिटं, हे मला इतकं माहीत होतं की ते सांगायचं असतं हेच माझ्या लक्षात आलं नाही. आणि रोज सकाळी मी तिच्या शेजारी उभी होते. ती वीस मिनिटं तशीच राहिली याचा मला आनंद होत होता.

मी तिला म्हटलं, एसटी दुपारची घे. फक्त दुपारची. आणि पाकिटं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून दवाखान्यात गेले.

चार पेशंट होते. मी मनात वाक्यं जुळवत बसले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आत गेल्यावर दोन्हींतलं एकही आठवलं नाही. मी पाकिटं डॉक्टरांच्या टेबलावर ओतली.

"ती खोटं बोलत नव्हती. तिनं मिसरी सोडली. चूक माझी आहे."

मग बाकीचं सांगितलं, तुटक तुटक, डबा माझ्या कपाटात आहे तेही. डॉक्टरांनी एक पाकीट उचललं, उरलेली पूड बोटांत चोळून बघितली. पाच वेळा? त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या की त्यांनीही विचारायला हवं होतं, मिसरीच्या जागी काय वापरता म्हणून. मधल्या सुट्टीत त्या स्वतः आमच्या घरी आल्या. मला ते अपेक्षित नव्हतं. दोन जिने चढून आल्या, हॉलमध्ये बसल्या, आणि आत्याला म्हणाल्या, "आजी, चुकलं माझं."

आत्या म्हणाली, "आजी म्हणू नका, मग बघते."

डॉक्टरांनी पर्समधून लहान मुलांचा मऊ ब्रश काढला. ओकारी येऊ नये म्हणून छोट्या डोक्याचा. तो हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, जोर न लावता, गोल गोल. सकाळी आणि झोपताना, दोनदाच. प्रत्येक खाण्यानंतर साध्या पाण्यानं खळखळून चूळ. बोट लावायचंच असेल तर स्वच्छ धुऊन, रिकामं, आणि गालावरून हात फिरवतो तितक्या हलक्यानं. हिरडी भरून येईपर्यंत मंजन अजिबात नाही. तुकडा काढायचा की नाही, ते हिरडी बरी झाल्यावर ठरवायचं. आत्या शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "आन बाकीचा येळ?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. आईला कळला. प्लास्टर निघून तेव्हा महिना होऊन गेला होता, तरी आई हात छातीशी धरूनच बसायची. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बसा तशाच. सकाळी, दुपारी, जेव्हा बसायच्या तेव्हा. मी हाक मारणार नाही."

आत्या निफाडला गेली नाही. डबा तिनं स्वतः माझ्याकडून घेतला, रबर बँडसकट घंटागाडीत टाकला, आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिली.

बादलीवरची बैठक चालू राहिली. दोन मिनिटं ब्रश, मग नुसतं बसणं. पण आता तोंड रिकामं होतं, त्यामुळे ती बोलायला लागली. पहिल्या दिवशी मला जरा धक्काच बसला. माझी शांत जागा गेली. ती पार्किंगमधल्या कुत्र्यावर बोलायची, सुनेच्या भाकरीवर बोलायची, लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूनं हातावर पहिली चिमूट कशी ठेवली ते बोलायची. घरात बारा माणसं, बसायला सवड नाही. पण मिसरी लावलेल्या सुनेला कोणी उठवत नसे. म्हणून लावली, ती म्हणाली. दातांसाठी कोण लावतंय.

कधीतरी मीही बोलायला लागले. बारावीच्या तोंडी परीक्षेची मला इतकी भीती होती की मी फॉर्मच भरू नये असं वाटत होतं. हे मी आईबाबांना सांगितलं नव्हतं. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरणीपुढे पाकिटं ओतली तशी ओत. फारसा उपयोगी सल्ला नव्हता तो, पण मी फॉर्म भरला.

सप्टेंबरअखेर आम्ही परत गेलो. डॉक्टरांनी ओठ बाहेर ओढला, दिवा जवळ घेतला, मलाही वाकून बघायला सांगितलं. चट्ट्याच्या जागी केसाएवढी फिकट रेघ उरली होती. तुकडा काढायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं. खालचे दोन दात मात्र वाचले नाहीत. त्यांची मुळं फार उघडी पडली होती. त्यांतला किती भाग मिसरीचा आणि किती माझ्या मंजनाचा, हे मी विचारलं नाही. आत्यानं विचारू दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं. दात काढून झाल्यावर कापूस तोंडात धरून तिनं हातानंच मला गप्प राहायची खूण केली. भूल उतरल्यावर घरी येऊन तिनं भात मागितला आणि त्यावर बोटभर ठेचा. मूर्खपणा होता, आईनं तसं सांगितलंही. ती खात होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खात होती.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला ती गावी परतली.

आता मी नोकरी करते, नाशिकमध्येच, बराचसा वेळ घरूनच. शनिवारी कधी सवड झाली तर निफाडला जाते. आत्याच्या गावात सकाळी ओट्यावर अजून बायका मिसरी लावून बसतात, आत्या त्यांच्यात ब्रश घेऊन बसते. तिच्या धाकट्या जावेनं गेल्या वर्षी मिसरी सोडली. आत्याच्या दोन दातांच्या फटीकडे बोट दाखवून बाकीच्या मात्र अजून चिडवतात, ब्रशनं पडले गं तुझे. ती त्यांना तंबाखूची सगळी कथा ऐकवते. माझी चूक त्या कथेत नसते. मी शेजारी बसलेली असते तरी नसते.

बायका उठून गेल्या की ती मला उजेडात नेते. बागेकडच्या दारात उकिडवी बसते आणि स्वतःच खालचा ओठ दोन बोटांनी बाहेर ओढते. मी मोबाइलची बॅटरी लावते, वाकते, खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत बघते. गुलाबी असते. रेघही आता दिसत नाही.

नाही काही, मी सांगते.

ती ओठ सोडत नाही. बोटं तशीच ठेवून, शब्द ओठात अडकत असतानाच म्हणते, "घाई नको करू. परत बघ."

मी परत बघते.